पॅकहाऊसमागचे कोरेसाहेब

कोर व्हीनस्ट्रा हे नाव आमच्याकडे कोणालाच धड उच्चारता आलं नाही. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'कोरे' करून टाकलं आणि मग दहा वर्षं ते कोरेसाहेबच राहिले. नाव ऐकून लोकांना वाटायचं कोणी कोल्हापूरकडचे असतील. प्रत्यक्षात सहा फुटांच्या वर उंची, उन्हाने लाल झालेलं नाक आणि पांढऱ्या भुवयांचा हॉलंडचा माणूस समोर उभा राहायचा.

ते चित्रकार होते. त्यांच्या देशात तरुणपणी नावाजलेले, मग विसरले गेलेले, आणि उतारवयात पुन्हा नाव झालेले. हे दुसऱ्यांदा जे झालं ते दिंडोरीजवळ, आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमागच्या खोलीत झालं. मी ते जवळून पाहिलं, कारण दुभाषी मीच होते. नाशिकच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. सासरी त्या इंग्रजीचा उपयोग वर्षातून एकदा, रॉटरडॅमहून पीटर आला की व्हायचा.

पीटर म्हणजे आमची द्राक्षं तिकडे उतरवून घेणाऱ्या कंपनीचा माणूस. दर जानेवारीत तो बागा बघायला यायचा. मण्याचा आकार, साखर, फवारणीच्या नोंदी असं सगळं तपासून जायचा. २०१२ साली येताना त्याने मोठ्या भावाला बरोबर आणलं. माझ्या नवऱ्याने, हर्षलने, विचारलं, "हेही द्राक्षांत आहेत का?" तर पीटर जरा ओशाळून म्हणाला, "नाही, हा काहीच करत नाही सध्या. घरी एकट्याला ठेवून यायचा धीर होईना."

पुढचं मला हळूहळू कळत गेलं. काही पीटरकडून, काही खुद्द कोरेसाहेबांकडून चहाच्या वेळी.

हॉलंडच्या उत्तरेला त्यांच्या वडिलांचा गाईंचा गोठा होता. पहाटे चाळीस गाईंच्या धारा काढून हा मुलगा शाळेत जायचा आणि वहीत गाईच काढायचा. वडिलांना वाटलं, मोठा झाला की खूळ जाईल. ते गेलं नाही. तो चित्रकलेच्या शाळेत गेला, आणि गाई सोडून भिंतीएवढे मोठे काळे-करडे कॅनव्हास रंगवायला लागला. रंग इतका जाड लावायचा की वाळायला वर्ष लागायचं. अठ्ठाविसाव्या वर्षी एका म्युझियमने त्याचं चित्र घेतलं. वर्तमानपत्रांत फोटो आले, परदेशातले व्यापारी घरी येऊन बसायला लागले. वडील मात्र एकदाच प्रदर्शनाला आले, सगळं फिरून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अंधार छान काढलास."

मग लोकांची आवड बदलली. पाच-सहा वर्षांत फोन यायचे थांबले. गॅलरीवाल्याने एके दिवशी ट्रकमध्ये घालून अठरा कॅनव्हास परत पाठवले. ठेवायला जागा नव्हती, म्हणून पीटरने ते आपल्या शीतगृहात द्राक्षांच्या खोक्यांमागे उभे केले. बायको आधीच वेगळी झाली होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी कोरेसाहेबांनी रंगांच्या ट्यूब एका शाळेला देऊन टाकल्या आणि टपालाची गाडी चालवायला घेतली. गावोगाव पत्रं टाकायची, संध्याकाळी घरी यायचं. सात वर्षं हातात पेन्सिलसुद्धा धरली नाही.

अशा अवस्थेत तो माणूस आमच्या बागेत आला. पीटर प्लॉट तपासत फिरायचा आणि हे मांडवाखाली उलट्या क्रेटवर बसून राहायचे. बाग तेव्हा पेपर लावायच्या कामात होती. उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून जानेवारीत एकेका घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. हे काम पेठकडून आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या बायका करायच्या. त्यांतली सिंधुबाई जरा पुढारी. तेव्हा तिचं वय अडतीस-चाळीस असेल. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला कागदांची पिशवी. आमच्याकडे बागेत काम करणाऱ्या सगळ्याच बायका असा शर्ट घालतात, फवाऱ्याची पावडर आणि काड्यांचे ओरखडे अंगाला लागू नयेत म्हणून.

चौथ्या दिवशी तिने मला हळूच विचारलं, "वहिनी, ह्ये बाबा आजारी हायत का?"

"नाही. का गं?"

"चार दिस नुसते बसून हायत. आमच्याकडं आजारी माणूसच असं बसतं."

हे मी काही इंग्रजीत सांगितलं नाही. पण त्याच दुपारी कोरेसाहेबांनी तिच्या पिशवीतला एक कागद मागून घेतला. पीटरच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि बातम्यांच्या छपाईवरच काढायला सुरुवात केली. तासाभराने सिंधुबाई कुतूहलाने मागे जाऊन उभी राहिली. कागदावर ती होती, पाठमोरी, दोन्ही हात वर, हातात घड.

"वहिनी, त्यांला सांगा," ती म्हणाली, "घड असा पोटाला नाय धरत. देठाला धरायचा. पोटाला धरला तर मण्यावरची भुकटी पुसती, अन् मग भाऊ आमाला बोलत्यात." भाऊ म्हणजे हर्षल.

मी इंग्रजीत म्हटलं, "तिला फार आवडलं."

कोरेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एवढ्यासाठी इतके शब्द लागत नाहीत," ते म्हणाले. "ती खरं काय म्हणाली?"

मला सांगावं लागलं. ते हसायला लागले, इतके मोठ्याने की तीन ओळी पलीकडून पीटर धावत आला. त्यांनी खोडरबर मागितला. तो कुठला असणार बागेत? मग दुसरा कागद घेतला, सिंधुबाईने देठाला घड धरून दाखवला आणि त्यांनी पुन्हा काढला. संध्याकाळी पीटर मला म्हणाला, "याला हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं."

ऑक्टोबरात कोरेसाहेब एकटेच परत आले. बरोबर एक ट्रंक आणि गुंडाळलेला कॅनव्हास. हर्षलने पॅकहाऊसमागची खोली दिली. त्यात ठिबकच्या नळ्या आणि मोडके क्रेट भरलेले होते. त्यांनी स्वतःच झाडून घेतलं, भिंतींना चुना मारला, आणि उत्तरेकडच्या भिंतीत मोठी खिडकी पाडून मागितली. मग दरवर्षी छाटणीला यायचं आणि काढणी संपली की मार्चअखेर जायचं, असा त्यांचा क्रम पडला. पिठलं-भाकरी आवडीने खायचे. मराठी शिकले, पण क्रियापदं कायम उलटीसुलटी. "मी चहा पितली," असं म्हणायचे आणि आमच्या सासूबाई पदर तोंडाला लावायच्या.

सिंधुबाईला त्यांनी चित्रासाठी समोर बसण्याचा रोज देऊ केला, बागेत मिळतो तेवढाच. बाकीच्या बायका म्हणाल्या, हिची चंगळ झाली. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तिची मान अवघडली, तासाभरात तिला झोप लागली. "छाटणी परवडली," ती मला म्हणाली. "हितं सगळं अंग जागेवर ठिवायचं अन् मन कुठं ठिवायचं त्ये कोणी सांगत नाय." मग कोरेसाहेबांनी तिला काम करता करताच काढायचं ठरवलं. ते बागेत तिच्या ओळीत स्टूल घेऊन फिरायचे.

टोळीत कुजबुज झालीच. तिचा नवरा पुंजा ट्रॅक्टरवर फवारणीला असायचा. तो मितभाषी माणूस. एके सकाळी तो येऊन खोलीच्या उंबऱ्यावर बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी कोरेसाहेबांनी त्याच्या हातात हातोडी दिली आणि चौकटीवर कॅनव्हास ताणून खिळे कसे मारायचे ते दाखवलं. कोपऱ्यात कापड चुणी न पडता दुमडायचं, हे अवघड काम. पुंजाने ते दोन दिवसांत आत्मसात केलं. पुढे कोरेसाहेब म्हणायचे, "माझ्या देशात इतका ताठ कॅनव्हास मला कोणी बांधून दिला नाही." कुजबुज आपोआप थांबली.

चार हंगामांत त्यांनी सिंधुबाईची चाळीस तरी चित्रं काढली. मांडवाखालचा हिरवा उजेड, त्यात निळा शर्ट, वर गेलेले हात. जुना काळा रंग कुठल्या कुठे गेला होता. मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण त्या खोलीत गेलं की डोळ्यांना गार वाटायचं. २०१६ साली त्यांच्या देशात या चित्रांचं प्रदर्शन भरलं. पुष्कळ लोक आले, चित्रं विकली गेली, पीटरने फोनवरून आनंदाने सांगितलं.

पण त्या ऑक्टोबरात कोरेसाहेब आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. तीन आठवडे खिडकी उघडली नाही. मग एक दिवस मला बोलावून त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं आणि वाचून अर्थ सांगितला. कोणा समीक्षक बाईंनी लिहिलं होतं: चित्रं देखणी आहेत, आणि तीच अडचण आहे. एक म्हातारा गोरा माणूस उन्हात राबणाऱ्या गरीब बायका बघतो आणि त्यांचा उजेड करून विकतो. त्या बायकांना काय वाटतं, हे कुठल्याच चित्रात नाही.

"हे खरं आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "मला काय विचारता?"

"बरोबर. तिला विचार. जसं बोलेल तसंच सांग."

सिंधुबाईला दुपारच्या सुट्टीत बोलावलं. ती डबा घेऊनच आली. मी तिला सगळं सांगितलं, कात्रणात काय लिहिलंय तेही. "साहेब विचारतात," मी म्हटलं, "तुमची चित्रं काढून त्यांनी तुमचं काही घेतलं का?"

"घेतलंच की. कंबर घेतली माझी," ती म्हणाली आणि हसली. कोरेसाहेब हसले नाहीत हे बघून तिने हसू आवरलं. भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "खरं सांगू का वहिनी? रागावनार नाय ना?"

"सांगा."

"ह्यो शर्ट." तिने अंगातल्या शर्टाची बाही ओढून दाखवली. "दरसाली ह्योच शर्ट. डोक्याला फडकं. तोंडाला घाम. तिकडच्या लोकांला वाटत आसंल, ही बाई नवऱ्याचा शर्ट घालूनच जन्माला आली. फोटो काढायचा म्हटलं तर आमी धुतलेलं नेसतो, केस विंचरतो. साहेबांनी एक डाव तरी विचारायचं, सिंधुबाई, तुला कसं काढू?"

मी जसंच्या तसं सांगितलं. कोरेसाहेबांनी मराठीतच विचारलं, "सिंधुबाई, तुला कसा काढू?"

तिचं उत्तर तयार होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. "हिरवी साडी हाय माझी, जरीची. ती नेसून. खुर्चीवर बसून. बाजूला ह्ये उभे." म्हणजे पुंजा. "अन् मागं बाग नको. बाग तुमची हाय, भाऊंची हाय. मागं आमचं घर काढा, अन् भाताचं खाचर. पावसात, हिरवं आसतंय तवाचं."

अडचण अशी की कोरेसाहेबांनी तिचं घर कधी पाहिलंच नव्हतं. पाऊस असतो तेव्हा ते हॉलंडला असायचे. पण २०१७च्या ऑगस्टमध्ये ते खास आले. हर्षल त्यांना जीपने करंजाळीच्या पुढे तिच्या पाड्यावर सोडून आला. मी म्हटलं होतं, दोन दिवसांत फोन येईल, घेऊन जा. ते अकरा दिवस राहिले.

आणायला मी गेले. पडवीत साहेब घोंगडं पांघरून बसले होते, पायांना चिखल, समोर कॅनव्हास, वरून गळणाऱ्या पाण्यासाठी पुंजाने प्लास्टिकचा कागद बांधलेला. आत सिंधुबाई कोणाला तरी दटावत होती. आमच्या बागेत मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. दीर-जावा, शेजारी, सगळे तिला विचारून हलत होते. लावणीची माणसं कुठल्या खाचरात घालायची हे ती ठरवत होती. मला बघून म्हणाली, "बसा वहिनी," आणि चहा आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं. मी बसले. पाहुणी म्हणून कशी बसू हे मला क्षणभर कळेना.

परतीच्या वाटेवर घाटात कोरेसाहेब म्हणाले, "चाळीस वेळा काढली मी तिला. आणि मला ती कोण आहे हे माहीत नव्हतं."

ती मलाही माहीत नव्हती.

चित्र त्या हिवाळ्यात पुरं झालं. सिंधुबाई टोळीबरोबर आली ती पेटीत साडी घेऊनच. मी माझा सोन्याचा हार देऊ केला, तर म्हणाली, "नको वहिनी. तुमचा घातला तर चित्र तुमचं व्हईल." काळी पोत आणि नाकात मोरणी, एवढंच. पुंजाने हातात घड्याळ घातलं आणि ते दिसेल असा हात पुढे धरला. साडीचा हिरवा रंग तिने तीन वेळा बदलायला लावला. कोरेसाहेबांना वाटत होतं, हे फोटो स्टुडिओसारखं ताठ, वाईट चित्र होणार. सुरुवातीला ते चिडचिडही करायचे. "कुठल्या विद्यार्थ्याने असं काढलं असतं तर मी फाडलं असतं," म्हणायचे. पण रोज सकाळी लवकर उठून त्याच चित्रासमोर बसायचे. जानेवारीत एक दिवस त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मला बोलावलं. खुर्चीत बसलेली ती बाई समोरून माझ्याकडे बघत होती. नजरेत ना राग, ना लोभ. मला उगाच पदर सारखा करावासा वाटला.

"विकू नका म्हणावं," सिंधुबाई म्हणाली.

"तुझंच आहे," कोरेसाहेब म्हणाले. पुंजाने ते कांबळ्यात गुंडाळून जीपच्या टपावर बांधून नेलं.

तेव्हापासून त्यांची रीत बदलली. कोणाचंही चित्र काढायचं तर आधी विचारायचे, "तुला कसा काढू?" व्याकरण कधी सुधारलं नाही. उत्तरं मात्र एकेक भन्नाट यायची. टोळीतल्या नवसाबाईला मोटारसायकलवर बसायचं होतं. आयुष्यात चालवली नव्हती, तरी हँडल तिच्याच हातात हवं होतं. एका बाईला तिच्या वारलेल्या भावाशेजारी उभं राहायचं होतं. भावाचा फोटो नव्हता, म्हणून ती आठवून सांगायची आणि हे काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. दीड महिना चाललं ते. शेवटी तिने कॅनव्हासकडे बघून होकारार्थी मान हलवली. भागीबाई म्हणाली, "मला नका काढू. माझी शेळी काढा." त्यांनी शेळी काढली. ती शेळी आज त्यांच्या देशातल्या एका म्युझियममध्ये आहे, आणि चित्राखाली लिहिलंय, 'भागीबाईच्या इच्छेप्रमाणे'.

याच चित्रांनी त्यांचं पुन्हा नाव झालं. पहिल्या वेळेपेक्षा मोठं. त्या समीक्षक बाईंनी परत लिहिलं, यावेळी चांगलं. कोरेसाहेबांनी ते कात्रण मला दाखवलं, पण आनंद झालेला दिसला नाही. म्हणाले, "साठीला आलो आणि आता कुठे विचारायला शिकलो."

२०१९च्या छाटणीला आले तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाची बशी वाजायची. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात आहे, वाढत जाणार. त्यांनी तो हात डाव्या हाताने धरून काढायला सुरुवात केली. मार्चमध्ये जायचं तिकीट होतं, पण लॉकडाऊन लागला आणि विमानं बंद झाली. पीटर रोज फोन करायचा. इकडे टोळीतले लोक मिळेल त्या वाटेने गावी निघाले. सिंधुबाई आणि पुंजा थांबले. "साहेबाला भाकर कोण घालंल?" तिने विचारलं. खरं तर आम्ही होतो की.

ते वर्ष-सव्वा वर्ष कोरेसाहेब घरचेच एक असल्यासारखे आमच्यात राहिले. बटणं लावायला पुंजा मदत करायचा. चित्र लहान होत गेलं, आधी खिडकीएवढं, मग वहीएवढं. ब्रश धरवेना तेव्हा ते बोटाने रंग लावायचे. एकदा सगळा रंग सांडून गेला आणि ते लहान मुलासारखे रडले. सिंधुबाईने फडक्याने फरशी पुसली, त्यांचे हात रॉकेलने साफ केले आणि म्हणाली, "आता बास. लय काढलं. आता नुसतं बसा."

"आजारी माणूस बसतं," ते मराठीत म्हणाले. हे त्यांना कोणी सांगितलं होतं, मला आजही कळलेलं नाही. मी तर नव्हतं सांगितलं.

२०२१ मध्ये पीटर स्वतः येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी सगळ्यांचे पाय धरायचा प्रयत्न केला. कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, अशी पद्धत असते. पुंजाने त्यांना मध्येच उचलून उभं केलं. दोन वर्षं ते तिकडच्या वृद्धाश्रमात होते. रविवारी पीटर फोनवर त्यांचा चेहरा दाखवायचा. शेवटी शेवटी बोलणं जड झालं होतं, पण सिंधुबाई फोनवर दिसली की ते "कसा आहे?" एवढं विचारायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. निरोप आला तेव्हा बागेत थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी कापायचं काम, चालू होतं. सिंधुबाईने कात्री खाली ठेवली, बांधावर जाऊन बसली. तासाभराने उठून पुन्हा ओळीत लागली.

पुढच्या वर्षी त्यांच्या देशातल्या म्युझियमने सगळ्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरवलं. मला ई-मेल आला: सिंधुबाई आणि पुंजा यांच्या मालकीचं चित्र चार महिन्यांसाठी द्यावं, नेण्या-आणण्याची, विम्याची सगळी व्यवस्था आम्ही करू. मी पाड्यावर जाऊन वाचून दाखवलं. पुंजा म्हणाला, "साहेबाचं काम हाय, देऊन टाकू." सिंधुबाईने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी फोन केला.

"वहिनी, त्यांच्याकडं माझी चाळीस चित्रं हायत ना?"

"आहेत."

"मग ती लावा म्हणावं. माझ्याकडं एकच हाय."

मी तसंच लिहिलं. शब्द बदलले नाहीत. वाटलं होतं, त्यांना राग येईल. उत्तर आलं की आम्ही समजू शकतो, निदान एक फोटो मिळेल का? तो मी मोबाइलवर काढून पाठवला. प्रदर्शनात त्यांनी चित्राच्या मापाची रिकामी जागा ठेवून शेजारी तो छोटा फोटो लावला, खाली मालकांची नावं आणि गाव लिहिलं.

यंदा फेब्रुवारीत पीटर आला. आता तोही थकलाय, हे शेवटचं वर्ष म्हणतो. बागा तपासून झाल्यावर म्हणाला, मला ते चित्र बघायचंय. आम्ही उमराळ्याहून पेठ रोडला लागलो आणि दुपारी पाड्यावर पोचलो. सिंधुबाई आता बागेच्या कामाला येत नाही. गुडघे दुखतात, घरचं भात-नागली बघते. चित्र घराच्या मधल्या भिंतीवर आहे, बाजूला धान्याची कणगी. चुलीच्या धुराने वरचा कोपरा किंचित पिवळा पडलाय. पीटरने ते बघितलं आणि ते पुसायला माणूस पाठवू का, असं विचारलं. सिंधुबाई म्हणाली, "धूर तर घरात आसतोच." मी ते सांगितलं.

तो चित्रासमोर पाटावर बसला. सिंधुबाईने नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. तो हाताने खात होता, खाता खाता मान वर करून बघत होता. त्याने एक प्रश्न विचारला, माझा भाऊ इथे अकरा दिवस कुठे झोपायचा? पुंजाने पडवीतला कोपरा दाखवला. पीटर उठला, तिथे जाऊन थोडा वेळ उभा राहिला, मग परत येऊन जेवायला बसला. सिंधुबाईने न विचारता दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली. घाटात अंधार होऊ नये म्हणून आम्ही चारच्या सुमाराला निघालो.